अंड्यांना तीट

लग्न होऊन वस्तीवर आले तेव्हा कोंबडीविषयी मला एकच गोष्ट ठाऊक होती. ती अंगावर धावून आली की आपण पळायचं. एवढी विद्या मी सोलापुरातून, भवानी पेठेतून, रुखवताबरोबर आणली होती.

पेठेत आमच्या गल्लीला दोन्ही अंगांनी हातमाग. शेजारपाजार सगळा तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचा, आणि मध्ये माझ्या वडिलांचं दोऱ्या-सुतळीचं टीचभर दुकान. गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, मागांचे खटके थांबले की निजायचं. दूध गवळी घालायचा, भाजी मंडईतून यायची. अशी मी. वय असेल चौदा-पंधरा, आणि डोक्यात शहराचा तोरा एवढा की मोहोळ स्टेशनवर उतरून बैलगाडीत बसल्यावर मी धीर करून नवऱ्याला विचारलं, "वस्तीपर्यंत दिवे आहेत का?" त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "हायती की. वर बघ, हितनं तितवर हायती." वर चांदण्या होत्या. गाडीवान खोकल्याचं निमित्त करून हसला, आणि मी पुढच्या सगळ्या वाटेत तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यातला तेवढाच काय तो शहाणपणा.

वस्ती म्हणजे माळवदाचं तीन खणांचं घर, शेजारी गोठा, दारात लिंब आणि हाकेच्या अंतरावर विहीर. माणसं चार. मामंजी, आत्याबाई म्हणजे माझी सासू, आमचे हे आणि मी. जनावरं माणसांपेक्षा जास्त: बैलजोडी, म्हैस, शेळ्या, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या कोंबड्या.

पहिल्या दिवाळसणाला मी माहेरी गेले ती संक्रांत करूनच परतले. आधी पोट दुखलं, मग डोळे आले, मग पोहोचवायला कोणी मिळेना. खरं तर काहीच दुखत नव्हतं, भोंगा ऐकायला मिळत होता एवढंच. परत आले तेव्हा आत्याबाईंनी आधी पान मांडलं. भाकरी वाढताना फक्त म्हणाल्या, "डोळं बरं झालं व्हय? चांगलं झालं. आता म्हशीचं श्याण तरी दिसंल."

मग चैत्र आला. शाळू निघून खळी झाली होती, कडब्याची गंज गोठ्यामागं उभी राहिली होती, आणि सगळं रान उघडं पडलं होतं. हिरवं म्हणाल तर विहिरीच्या पाटाखालचा तुकडा तेवढा. त्यात मेथी, कांदे, गवार, वांगी, आणि कडेला काकडी-दोडक्याचे वेल. उजाडायच्या आत मामंजी मोट धरायचे. बैल धावेवरून उतरायचे, मोट वर येऊन थारोळ्यात उलटी व्हायची, आणि पाणी पाटानं खळखळत माझ्याकडे यायचं. माझं काम दारं धरायचं. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. काम सोपं, पण ते माझ्या हाती होतं. गार पाण्यात पाय सोडून मी बसायची आणि बुलबुलांकडे बघत राहायची. मेथीचा वाफा भरून वाहायला लागला की धावेवरून मामंजींचा आवाज यायचा, "पोरी, मेथी पवाय शिकली का गं?"

म्हैस तर मला बघून दूधच चोरायची. आत्याबाई बसल्या की चरवी फेसानं भरायची. मी बसले की म्हैस मान वळवून माझ्याकडे बघायची, आणि त्या बघण्यात एवढी कीव असायची की मीच उठायची.

अशात एक कोंबडी, तांबडी, कडब्याच्या गंजीखाली फुगून बसली ती उठेना. मी धावत चुलीकडे गेले.

"आत्याबाई, तांबडी आजारी आहे. अंग फुगलंय, हात नेला तर टोचते."

"आजारी न्हाय, खुडूक झालीया. तिला आता पिल्लांची आई व्हायचंय. मांडू अंडी सांच्याला."

"मी मांडू?"

आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे बघितलं. "तू? तुला बघून म्हस दूध चोरती."

"कोंबडी काय चोरणार आहे?"

त्या हसल्या नाहीत. भाकरीला पाणी लावलं, ती उलटली. मग म्हणाल्या, "बसीव. पण नेम हाय, आधी ऐक. ज्याच्या हातानं कोंबडी बसली त्याच्याच हातानं उठली पायजे. दाणापाणी त्यानंच करायचं. दुसऱ्याचा हात लागला का अंडी नासत्यात. आन शेवटचं पिल्लू निगंस्तवर कोंबडी सोडून वस्तीबाहीर पाय टाकायचा न्हाय. हाय कबूल?"

"हो."

"आन पिल्लं निगाली तर त्यातल्या दोन तलंगा तुझ्या."

तलंग म्हणजे तरुण कोंबडी. दोन कोंबड्या माझ्या मालकीच्या! माझ्या नावावर तोवर एक फणीसुद्धा नव्हती, माहेरी होती ती पण आईची आणि माझी मिळून एकच. मी दुसऱ्यांदा "हो" म्हटलं, आणखी मोठ्यानं.

रामनवमीच्या दिवशी दिवेलागणीला कोंबडी बसवली. दुरडीत राख, तिच्यावर भुस्सा, कडेला दोन लाल मिरच्या आणि एक लोखंडी खिळा. वळवाच्या गडगडाटानं अंडी दगावू नयेत म्हणून तो खिळा. अंडी विषम, नऊ. प्रत्येक अंड्यावर आत्याबाईंनी आधी चुलीतल्या कोळशानं एकेक टिपका लावला, आणि मग ती एकेक करून माझ्या हातात दिली. टिपका कशाला, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मला कळलं. तान्ह्या बाळाच्या गालाला नाही का आपण तीट लावत, दृष्ट लागू नये म्हणून? तसंच हे. मला त्या घराचं एकदम कौतुक वाटलं. माणसं तोंडानं खडबडीत, पण अंड्यातल्या पिल्लालासुद्धा तीट लावतात!

तांबडी बसली. मी दिवसातून एकदा तिला उतरवायची, दाणे टाकायची, पाणी ठेवायची. ती घाईघाईनं खाऊन थेट कांद्याच्या वाफ्यात जाऊन धुळीत लोळायची, आणि मी काठी घेऊन कांद्याची राखण करायची. दारं धरणारी मी ती आता कोंबडी धरणारी झाले. आमचे हे जाता-येता विचारायचे, "काय म्हंती तुजी मैतरीण? पेठंच्या गप्पा मारल्या का न्हाय?"

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बघते तर तांबडी खाली उतरलेली असताना एक काळी कोंबडी तिच्या दुरडीत शिरून अंडं घालून गेलेली. ताजं, ऊन ऊन अंडं. नवाचे दहा झाले. मला केवढा आनंद! नऊ पिल्लांत माझ्या दोन, मग जास्त पिल्लांत जास्त. हिशोब सोपा होता. फक्त त्या गरिबाला तीट नव्हती. मी चुलीतला कोळसा आणला आणि त्याच्यावर तसाच टिपका लावून ते मधोमध ठेवलं. पुढं काळीची वाट न बघता मीच इकडंतिकडं घातलेली अंडी वेचून आणली. सगळी मिळून चार वाढवली. चारींना तीट लावली. कुणाला सांगितलं नाही, कारण पिल्लं निघाल्यावर सगळ्यांचे डोळे दिपवायचे होते. आणि दुरडीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही असा नेमच असल्यामुळे कुणी बघायला येण्याची भीती नव्हती.

हनुमान जयंतीच्या पुढच्या बाजाराला मामंजी मोहोळला गेले होते, ते निरोप घेऊन आले. माझ्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं. आखितीचा मुहूर्त. मुलगी सोलापुरातलीच. मला न्यायला माझे काका येणार होते.

आता करवली म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण हल्लीच्या करवल्या फोटो काढून घेण्यात गुंतलेल्या असतात. करवली म्हणजे नवरदेवाची बहीण. नवरदेवाच्या मागं पाण्यानं भरलेला कलश घेऊन उभी राहणारी. त्या दिवशी नवरीच्या खालोखाल मान तिचा. तिचे पाय धुतात, तिला हिरवं लुगडं नेसवतात, सगळी गल्ली तिच्याकडे बघते. लहानपणापासून मी पितळी तांब्या डोक्याशी धरून घरात फिरत होते ते याच दिवसासाठी. आणि हा मान मला चुकला तर कुणाकडे जाणार होता तेही मला चांगलं ठाऊक होतं. काकांची मुलगी, माझ्या बरोबरीची. तिचे केस माझ्यापेक्षा लांब होते. ही गोष्ट ती कधी विसरू द्यायची नाही.

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या गवार मोडत होत्या.

"आखितीला व्हय?" त्या म्हणाल्या. "मग जमतंय की. नवमीला बसली, अमुशाला पिल्लं निगतील. पाडव्याला निगायचं." पाडवा म्हणजे इथं वैशाखातला पहिला दिवस. "दिवाळीवानी करू नगंस म्हंजे झालं."

"नाही, आत्याबाई."

बाई गं! मला वाटलं आभाळ माझ्याच बाजूनं आहे. चार जास्तीची अंडी नंतर घातली म्हणजे नंतरच फुटणार, एवढं गणित त्या डोक्यात शिरलं नाही. शिरणार कुठून? डोक्यात कलश होता ना.

चैत्राचे पुढचे दिवस मी पाय जमिनीला न लावता काढले. वेलांना पहिली काकडी धरली. लिंब मोहोरला आणि अंगणभर त्याचा कडवट गोड वास पसरला. एका दुपारी वळीव गडगडला तेव्हा मी दुरडीवर ओणवी होऊन बसले, खिळ्यावर माझा तितका विश्वास नव्हता. म्हशीनं मला पहिल्यांदा अर्धी चरवी दूध दिलं. तिलाही कळलं असावं, पोरगी आता जायची आहे.

अवसेच्या आदल्या दिवशी काका आले. अवसेला प्रवास करायचा नाही, म्हणून एक दिवस मुक्काम. आणि अवसेच्या सकाळी, अगदी आत्याबाई म्हणाल्या तसं, दुरडीतून चिवचिव सुरू झाली. दुपारपर्यंत आठ पिल्लं निघाली. एक अंडं वांझ निघालं. मी माझं बोचकं बांधून उंबऱ्याशी ठेवलं आणि तांबडीला उचलायला गेले.

ती उठेना. तिला जराशी वर उचलली तर खाली चार अंडी.

आत्याबाई मागंच उभ्या होत्या. "थांब. ही चार कसली मागं राह्यली? टिपकं तर हायती. नासली असतील, टाक उकिरड्यावर." मग स्वतःच म्हणाल्या, "न्हाय, थांब. परात आण. कोमट पाणी घाल."

परातीत कोमट पाणी घातलं. आत्याबाईंनी चारी अंडी त्यात अलगद सोडली. सगळे वाकून बघू लागलो. मामंजी, काका, आमचे हे. पाणी स्थिर झालं. एक अंडं मेल्यासारखं पडून राहिलं. मग दुसरं हललं. कुणी टिचकी मारावी तसं, आपलं आपणच. मग आणखी एक. मग चौथंही.

"जीव हाय गं ह्यात," आत्याबाई हळूच म्हणाल्या. आणि मग आवाज चढवून, "पर असं कसं? नऊच दिली हुती, ती बी एका सांजंला. म्या सवता टिपकं लावलं. मागनं घातलेलं अंडं वळखू यावं म्हणूनच लावत्यात की टिपका!"

मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. कोंबडीकडून शिकलेली ही एक गोष्ट मात्र चांगली जमायची.

"आत्याबाई, यांना टिपका मी लावला."

"का?"

"तीट म्हणून."

मामंजी मटकन खाली बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तीट! अंड्याला तीट! आगं, मग वाळं-मनगट्या बी घालायच्या की!" आमचे हे गोठ्याकडे पळाले, तिथून म्हैस हंबरल्यासारखा आवाज आला. तो म्हशीचा नव्हता.

हसले नाहीत ते दोघे. एक मी. दुसरे काका. ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "विहीणबाई, तुमच्यात नेम असला तर आम्ही तरी काय बोलणार? शेवटचं पिल्लू निघेपर्यंत हिला राहू दे. करवलीची अडचण नाही. आमची पोरगी आहेच की."

ते ऐकलं आणि मी रडायला लागले. नीट, आवाज काढून. उंबऱ्याशी बोचकं, परातीत अंडी, आणि मी मधोमध फतकल मारून. आज आठवलं की त्या पोरीच्या डोक्यावर परात उपडी करावीशी वाटते, पण त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं की जगात आता काही उरलं नाही. तो कलश त्या लांब केसांवालीच्या हातात जाणार, आणि मी इथं तीट लावलेल्या अंड्यांची राखण करणार.

आत्याबाईंनी अंडी पुसून तांबडीखाली सरकवली. पदराला हात पुसले. काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नेम काय हाय? कोंबडी सोडून जायचं न्हाय. व्हय ना? मग सोडतंय कोण? घिऊन जा की."

"काय?" काका म्हणाले.

"कोंबडी. दुरडीसकट. पिल्लं, अंडी, समदं. करवली कोंबडी घिऊन गेली म्हणून कुटं लगीन मोडत न्हाय. मातर," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "जेवढी नेशील तेवढी परत आणायची. आटव्या दिवशी."

दुसऱ्या दिवशी उजाडता निघालो. मामंजींनी गाडीत कडबा अंथरला, कडब्यावर गोधडी, गोधडीवर मी आणि माझ्या मांडीवर दुरडी. काका गाडीच्या तोंडाशी, तोंड आमच्याकडे न करता. मोहोळहून आगगाडी. डब्यात एक म्हातारी मुसलमान बाई होती, पानाचा डबा घेऊन. दुरडीवरचं फडकं हललं तशी ती वाकून म्हणाली, "टोकरी में क्या है गे बच्ची?" मी फडकं उचलून दाखवलं. तिनं बघितलं, गालावर हात ठेवला, आणि खिडकीजवळची आपली जागा सोडून मला आत सावलीत ओढलं. "धूप नक्को लगने दे उनकू," एवढंच बोलली आणि सोलापूरपर्यंत आपल्या पदरानं दुरडीला वारा घालत राहिली. वारा घालायचा नसतो, अंडी गार होतात, हे मला एव्हाना कळत होतं. मग मी हळूच फडकं तेवढं घट्ट खोचलं.

भवानी पेठेत आमच्या घरी कोंबडी ठेवायला जागा नव्हतीच. शेजारच्या विणकर अक्कांनी मागाच्या खड्ड्याशेजारचा कोपरा दिला. भोंगा झाला की तांबडी दचकून उभी राहायची, मग मी तिला धरून बसवायची. ज्या भोंग्यासाठी मी दिवाळीची संक्रांत केली होती, त्याच भोंग्यावर आता मी दात ओठ खात होते. हळदीच्या दिवशी चारांतलं एक अंडं फुटलं. अंगाला हळद लावायला बायका मला शोधत होत्या, आणि मी मागाजवळ पिल्लाला कण्या चारत होते. काकांची मुलगी दाराशी उभी राहून वेणी पुढं घेत म्हणाली, "तू बस हो निवांत. उद्याचं मी बघते."

"उद्याचं मीच बघणार आहे," मी म्हणाले. "तू कोंबडीचं बघतेस का?"

आखितीचा दिवस उजाडला. वाजंत्री दारात, भाऊ मुंडावळ्या बांधून तयार, मी हिरव्या लुगड्यात. शेवटचं बघून यावं म्हणून मागाजवळ गेले. परातीत मेल्यासारखं पडलं होतं ते अंडं तसंच. दुसरं पहाटे फुटलं होतं. आणि तांबडी उठलेली! तिच्यामागं पिल्लं चाललेली, ती त्यांना घेऊन अक्कांच्या अंगणात निघालेली. मागं भुश्शात तिसरं अंडं. त्याला तडा गेलेला, तड्यातून इवलीशी चोच, आणि आतून बारीक चिवचिव. तांबडीला परत बसवलं, ती पुन्हा उठली. तिला चालती पिल्लं दिसत होती, अंड्यातलं दिसत नव्हतं.

बाहेरून आई हाका मारत होती. मी ते अंडं उचललं. गरम होतं. जेवढी नेशील तेवढी परत आणायची. मी ते फडक्यात गुंडाळून लुगड्याच्या ओच्यात, पोटाशी खोचलं, आणि जाऊन कलश हातात घेतला.

भावाच्या मागं मी चालले. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती, आणि मी कुणाकडेही बघत नव्हते. एक पाऊल टाकावं, पोटाशी हालचाल चाचपावी, दुसरं टाकावं. बायका म्हणाल्या म्हणे, किती मर्यादेची पोर आहे, मान वर करत नाही. मांडवात अंतरपाट धरला. मंगलाष्टकांच्या मधल्या एका थांब्याला, भटजी श्वास घेत असताना, सगळं गप्प झालं. आणि माझ्या पोटातून आवाज आला: चिव.

भटजी थांबले. नवरीकडच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पुन्हा, चिव चिव. भावाचे खांदे हलायला लागले. त्याच्या मुंडावळ्यांच्या मोत्यांचा आवाज मला मागं ऐकू येत होता. अंतरपाटापलीकडून नवरीही हसली, हे तिनंच मला पुढं सांगितलं. लग्नाआधी नवऱ्याकडच्या माणसांचं तिनं ऐकलेलं पहिलं बोलणं ते. कलश मात्र मी सांडला नाही. अगदी शेवटच्या अक्षतेपर्यंत एक थेंब नाही.

ते पिल्लू तिसऱ्या प्रहरी माझ्या ओच्यातच निघालं. ओलं, शेंबडं, उभं राहता येईना. पुढं ते पेठेत 'करवलीचं पिल्लू' म्हणूनच ओळखलं गेलं, आणि मी कोंबडीवाली करवली. काकांच्या मुलीचे केस लांब होते खरे, पण त्या लग्नात तिच्याकडे बघायला कुणाला सवड झाली नाही.

आईचं म्हणणं, आलीस तर आता मृगापर्यंत राहा. दिवाळीला मीच हे तिच्या तोंडून वदवून घ्यायची. पण पिल्लं अंगणातल्या शहाबादी फरशीवर पायानं उकरायची आणि खालून काहीच निघायचं नाही. ती पुन्हा उकरायची. तांबडी माझ्याकडे बघायची, अगदी म्हशीसारखी. चौथ्या दिवशी मी आईला म्हटलं, "मी जाते." आई म्हणाली, "डोळे आले का तुझे?"

वस्तीच्या बांधाशी गाडी पोहोचली तेव्हा आत्याबाई लिंबाखाली उभ्या होत्या. आठवा दिवस अजून यायचा होता, तरी उभ्या होत्या. गाडीजवळ आल्या, माझ्याकडे न बघता फडकं काढलं आणि पिल्लं मोजली. एकदा, आणि पुन्हा एकदा. मामंजींनी गोठ्याच्या भिंतीशी दोन गाडगी उपडी घालून ठेवली होती, आत शेण आणि भुस्सा भरून. मी एक गाडगं वर उचललं तर खाली वाळवी लागलेली, पांढरीशुभ्र. पिल्लं अशी तुटून पडली की बघत राहावं. चार दिवस आधीपासून लावली होती म्हणे.

"तुमाला काय ठावं मी आज येणार ते?" मी विचारलं. माझ्या तोंडून 'तुमाला' आणि 'ठावं' निघालेलं ऐकून आमचे हे परत गोठ्याकडे पळाले.

फार वर्षांनी, आत्याबाई थकल्या होत्या, मीच घरचं बघत होते, तेव्हा मी एकदा कोंबडी मांडताना त्यांना विचारलं, "आत्याबाई, शेजारच्या वस्तीवर तर कुणीबी दाणा घालतं. तरी पिल्लं निघतातच की. मग आपला नेम कसला, हात बदलायचा न्हाय त्यो?"

त्या बाजेवर पडल्या होत्या. डोळे मिटूनच म्हणाल्या, "नेम कसला आलाय. भाकरी भाजता भाजता केला म्या."

"का?"

"दिवाळीला गेलीस ती संक्रांतीला आलीस. म्हनलं, म्हस तर हिला धरून ठिवत न्हाय, कोंबडी तरी ठिवंल." जरा वेळानं एक डोळा उघडला. "तीट मातर तुजी तूच लावलीस. ती काय म्या शिकवली न्हवती."

मला तीन सुना. तिघींनाही मी पहिल्या चैत्रात कोंबडी बसवायला दिली आणि तोच नेम सांगितला, चेहरा तितकाच गंभीर ठेवून. तिघीही माहेराहून वेळेत परतल्या. धाकटीला वाचायचा नाद आहे, तेव्हा हे तिच्या हाती लागेलच. लागू दे. तिच्या तलंगा मी केव्हाच तिला देऊन टाकल्या आहेत.